पराभवानंतर गायचे काय?



राजकीय गाण्याचे आयुष्य किती असते, हा प्रश्न चळवळीत काम करणाऱ्यांना मधून मधून पडत असतो. संप मिटला, निवडणूक पार पडली, सरकार बदलले किंवा बदलले नाही, की त्या प्रसंगासाठी रचलेले गाणेही कालबाह्य झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीची परीक्षा पाहणारी एक वस्तू २००३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. बिली ब्रॅग या इंग्रज गायक-गीतकाराच्या वीस वर्षांतील चाळीस गाण्यांचे ते दोन सीडींचे संकलन. ‘मस्ट आय पेंट यू अ पिक्चर’ हे त्याचे नाव १९८८ सालच्या त्याच्याच एका गाण्यावरून घेतलेले आहे. चित्र काढून दाखवायला हवे काय, असा त्याचा अर्थ. ‘इतके उघड असताना आणखी काय समजावून सांगायचे?’ हा त्यामागचा चिडलेला, पण जिव्हाळ्याचा सूर.

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात अशा संकलनांना फारशी प्रतिष्ठा नसते. गायकाचा बहर ओसरला की जुना माल नव्या वेष्टनात पुन्हा विकायचा, हा त्यामागचा सरळ हिशेब असतो. तरीही नव्या श्रोत्याच्या दृष्टीने संकलनाचा एक लाभ असतो. एकेका वर्षी एकेक तबकडी ऐकणाऱ्या चाहत्याला जे दिसत नाही, ते सलग ऐकणाऱ्याला दिसते. १९८४ च्या खाणकामगार संपानंतर जन्मलेला एखादा तरुण या दोन सीडी ऐकावयास बसला, तर तीन तासांच्या आत त्याच्यासमोरून एका देशातील डाव्या चळवळीची वीस वर्षे सरकून जातात. ती बहुतांशी पराभवाची वर्षे आहेत. म्हणूनच हे संकलन विचारात घेण्याजोगे आहे.

बिली ब्रॅगचा जन्म डिसेंबर १९५७ चा. लंडनच्या पूर्वेकडील बार्किंग हे त्याचे गाव, आणि शेजारी डॅगनम येथे फोर्डचा प्रचंड मोटार कारखाना. शाळा संपल्यावर तरुणांच्या वाट्याला येणारे जीवन त्या कारखान्याच्या छायेतले. १९७६ मध्ये वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मित्रांसमवेत काढलेले वाद्यवृंदाचे पथक चालले नाही. १९८१ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि तीन महिन्यांत १७५ पौंड भरून त्याने आपली सुटका करून घेतली. पुढे एकट्याने विजेवरचे गिटार घेऊन तो गाऊ लागला. ब्रिटनमधील बेकारांचा आकडा १९८२ च्या आरंभी तीस लाखांवर गेला होता. शाळेतून बाहेर पडून नोकरीच्या दारात ताटकळणाऱ्या मुलांविषयीचे ‘टु हॅव अँड टु हॅव नॉट’ हे गाणे या परिस्थितीतून आलेले आहे.

१९८३ साली त्याची पहिली तबकडी निघाली. तीत सात गाणी होती आणि सगळी मिळून सोळा मिनिटेही भरत नव्हती. ती नभोवाणीवर कशी वाजली याची हकीकत गमतीची आहे. बीबीसीचे लोकप्रिय निवेदक जॉन पील यांनी आपल्याला मश्रूम बिर्याणी खावीशी वाटते असे कार्यक्रमात बोलून दाखवले. ते ऐकून ब्रॅग बिर्याणी आणि तबकडी दोन्ही घेऊन थेट त्यांच्याकडे गेला. पील यांनी गाणे वाजवले, मात्र चुकीच्या गतीने.

या तबकडीच्या वेष्टनावर एक ओळ ठळकपणे छापलेली होती. २ पौंड ९९ पेन्सपेक्षा अधिक पैसे देऊ नका, असे ती ग्राहकाला बजावत होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या ओळीपाशी क्षणभर थांबले पाहिजे. संगीताच्या बाजारात किंमत ठरते ती कंपनी आणि दुकानदार यांच्या दरम्यान. ज्याच्या श्रमाची ती किंमत असते त्या कलावंताला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार सहसा नसतो, आणि विकत घेणाऱ्याला तर नसतोच. वेष्टनावर छापलेल्या त्या एका ओळीने गायक आणि ग्राहक यांच्यात दुकानदाराच्या डोक्यावरून एक करार झाला. यात निव्वळ दानत होती असेही नव्हे. माल थोडा होता, म्हणून किंमत थोडी होती. परंतु हा साधा न्याय बाजारात किती दुर्मीळ असतो, हे त्या ओळीने दाखवून दिले.

मार्च १९८४ मध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला. वीस खाणी बंद करून सुमारे वीस हजार रोजगार कमी करण्याची योजना पुढे आली होती. वर्षभर चाललेला हा लढा मार्च १९८५ मध्ये कोणताही करार पदरी न पडता संपला. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना अशा शेवटाचे दुःख निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

संपाच्या काळात ब्रॅग खाणगावांत मदतनिधीसाठी गात हिंडला. तेथे तो शिकवायला गेला आणि शिकून परतला. त्या कार्यक्रमांतून त्याला वयस्क लोकगायक भेटले. त्यांची जुनी गाणी आपल्या गाण्यांपेक्षा अधिक जहाल आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. विजेच्या गिटारवर गाणारा शहरी तरुण आणि शतकानुशतके चालत आलेले लोकगीत यांची गाठ पडली ती अशी. १९८५ च्या ‘बिट्वीन द वॉर्स’ या छोट्या तबकडीत तिचा पुरावा आहे. तीत अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या खाणकामगाराची पत्नी फ्लॉरेन्स रीस हिने १९३१ च्या लढ्यात रचलेले गाणे आहे. १६४९ मध्ये सरे परगण्यातील पडीक जमिनीत सामाईक शेती करू पाहणाऱ्या ‘डिगर’ मंडळींवर लिऑन रॉसेलसन याने रचलेले गाणेही आहे. तबकडीचे शीर्षकगीत विक्रीच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत पोचले आणि चकचकीत दूरचित्रवाणी कार्यक्रमात ब्रॅग एकटाच गिटार घेऊन ते गायला. पुढच्या वर्षीच्या ‘देअर इज पॉवर इन अ युनियन’ची चाल अमेरिकन यादवी युद्धातील एका गीताची आहे आणि शीर्षक अमेरिकेतील कामगार कवी जो हिल याच्या गाण्याचे. परंपरा म्हणजे संग्रहालयातील वस्तू नव्हे, ती हाताळून पुढे द्यायची असते, ही जाण येथे दिसते.

या संकलनाने नव्या श्रोत्याचा आणखी एक गैरसमज दूर होतो. प्रचारक गायक म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या निवडक गाण्यांत निम्म्याहून अधिक गाणी प्रेमाची, एकाकीपणाची, घरातल्या माणसांची आहेत. पहिलेच गाणे ‘अ न्यू इंग्लंड’. नाव ऐकून नव्या समाजाची घोषणा अपेक्षावी, तर गाणाऱ्याला नवे इंग्लंड नको आहे, त्याला सोबत हवी आहे. कर्स्टी मकॉल हिने गायलेले याच गाण्याचे रूप १९८५ मध्ये सातव्या क्रमांकावर पोचले. ‘लेव्ही स्टब्ज’ टिअर्स’मधील स्त्रीला हिंसेच्या आणि एकटेपणाच्या रात्री आधार आहे तो एका कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाच्या आवाजाचा. ‘व्हॅलेंटाइन्स डे इज ओव्हर’मध्ये मार खाणारी स्त्री स्वतः बोलते आणि घरातील हाणामारीचा संबंध बाहेरच्या आर्थिक ओढगस्तीशी जोडते. वडिलांच्या मृत्यूवरचे ‘टँक पार्क सल्यूट’ रचायला त्याला पंधरा वर्षे लागली. ही गाणी राजकीय गाण्यांमधील विश्रांतिस्थाने नव्हेत. ज्या माणसासाठी संघटना करायची, तो माणूस सभा संपल्यावर कोठे जातो आणि कसा झोपतो, हे ठाऊक असलेल्या गायकाचीच संघटनेवरील गाणी पटतात.

नोव्हेंबर १९८५ मध्ये ब्रॅग, पॉल वेलर आणि इतर कलावंतांनी तरुण मतदारांना मजूर पक्षाकडे वळवण्यासाठी ‘रेड वेज’ नावाची मोहीम उभारली. नाव एल लिसित्स्की या रशियन चित्रकाराच्या १९१९ च्या प्रसिद्ध भित्तिपत्रकावरून घेतले होते. जून १९८७ च्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांचा पक्ष सलग तिसऱ्यांदा विजयी झाला. पक्षाच्या व्यासपीठावर गेलेल्या कलावंताची अशा वेळी दुहेरी कुचंबणा होते. रसिक म्हणतात, राजकारणात पडलास कशाला? आणि कार्यकर्ते म्हणतात, गाण्याने काय साधले? १९८८ चे ‘वेटिंग फॉर द ग्रेट लीप फॉर्वर्ड्स’ हे गाणे या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी सामोरे जाते. त्यात ब्रॅग स्वतःची थट्टा करतो, क्रांतीची वाट पाहणाऱ्यांची करतो, आणि तरीही कामावरून उठत नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात तो या गाण्याचे शब्द काळानुरूप बदलत आला आहे. त्यामुळे १९८८ च्या पराभवाचे गाणे पुढच्या प्रत्येक पराभवाला लागू पडत गेले.

१९८९ हे वर्ष साऱ्या डाव्या जगालाच हादरवणारे होते. त्या वर्षी कॅनडातील व्हँकूव्हर येथील लोकसंगीत महोत्सवात ज्येष्ठ गायक पीट सीगर यांनी त्याला आपल्याबरोबर ‘इंटरनॅशनल’ गाण्याविषयी सुचवले. जुने इंग्रजी शब्द त्याला बोजड वाटले, म्हणून त्याने नवे शब्द रचले. भिंत कोसळत असताना हा गायक ते गीत टाकून न देता त्याचा तर्जुमा दुरुस्त करीत बसला होता. त्याच्या स्वभावाची ही खूण आहे.

नव्वदीच्या दशकात तो काही काळ मागे सरला. मुलगा झाला, पाच वर्षे नवी तबकडी निघाली नाही. याच काळात त्याने एक व्यवहार केला, त्याचे महत्त्व त्याच्या कोणत्याही गाण्याहून कमी नाही. कंपनीकडून घेतलेल्या मोठ्या आगाऊ रकमेतील उरलेला भाग परत करून त्याने आपल्या सर्व जुन्या गाण्यांचे हक्क स्वतःकडे घेतले. याचा अर्थ असा, की २००३ चे संकलन हा कंपनीने रचलेला जुन्या मालाचा ढीग नव्हता. उत्पादकानेच आपल्या वीस वर्षांच्या श्रमाचा ताबा मिळवून ते लोकांपुढे ठेवले होते. पुढे २००६ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाच्या अटींमुळे कलावंतांच्या हक्कांना धोका पोचतो असे दिसताच त्याने आपली गाणी तेथून काढून घेतली, आणि त्या अटी बदलाव्या लागल्या. वेष्टनावरील किंमत, हक्कांची परतफेड आणि हा आक्षेप ही एकाच विचाराची तीन रूपे आहेत.

संकलनाच्या दुसऱ्या भागात एक वेगळाच आवाज मिसळतो. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री १९६७ मध्ये वारला तेव्हा त्याची हजाराहून अधिक गीते चालीवाचून कागदावर पडून होती. त्याची कन्या नोरा हिने ब्रॅगला त्यांना चाली लावण्यास सांगितले. विल्को या अमेरिकन वाद्यवृंदासमवेत त्याने ते काम केले, आणि १९९८ व २००० मध्ये ‘मर्मेड अॅव्हेन्यू’चे दोन भाग निघाले. पोथीत बंद झालेल्या ज्येष्ठाला पुन्हा गाता केले, हे ऋण फेडणेच होय.

अखेरच्या गाण्यांचा विषय आहे स्वदेश. ‘इंग्लंड, हाफ इंग्लिश’मध्ये इंग्रजपण म्हणून जे मिरवले जाते ते किती ठिकाणांहून आलेले आहे, याची यादीच आहे. ब्रॅगची आई इटालियन वंशाची, हे येथे आठवावे. २००२ साली डॅगनमच्या फोर्ड कारखान्यातील मोटारींची निर्मिती थांबली. २००६ मध्ये बार्किंग आणि डॅगनमच्या स्थानिक निवडणुकीत ब्रिटिश नॅशनल पार्टी या वंशद्वेषी पक्षाला बारा जागा मिळाल्या. हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. काम गेले आणि संघटना दुबळी झाली, की रिकाम्या जागेत द्वेष शिरतो. ब्रॅगने देशप्रेमाचा मक्ता द्वेष्ट्यांकडे सोपवण्याचे नाकारले, त्याविषयी पुस्तक लिहिले आणि आपल्या गावातील प्रचारात भाग घेतला. २०१० मध्ये त्या पक्षाच्या बाराही जागा गेल्या. हे यश दारोदार फिरलेल्या अनेकांचे होते, गाण्याचे नव्हे. परंतु गायक त्या अनेकांत होता.

त्याच्या मर्यादाही झाकण्याचे कारण नाही. आवाज खरखरीत, उच्चार कट्टर पूर्व लंडनचे, आणि काही गाण्यांत सभेतील भाषणाचा कोरडेपणा. ‘एनपीडब्ल्यूए’ या गाण्यातील उत्तरदायित्वावाचून सत्ता नको हा विचार मोलाचा आहे, गाणे मात्र घोषणेपाशी अडते. शिवाय चाळीसच गाणी निवडायची म्हटल्यावर काही चांगली गाणी वगळली जाणारच. संकलन हे दार आहे, घर नव्हे.

तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर या दारातूनच मिळते. राजकीय गाणे प्रसंगाबरोबर मरते ते केवळ विजयाची हमी म्हणून रचलेले असेल तर. जे गाणे लढणाऱ्यांची सोबत म्हणून रचलेले असते, त्याचे काम पराभवानंतर सुरू होते. खाणी मिटल्या, कारखाना थांबला, मोहीम विसर्जित झाली. साठी उलटलेला हा गायक मात्र गातो आहे, आणि संपाच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशांना तो संप ठाऊक आहे. चळवळीने आपल्या ठरावांचे दप्तर जपावे तसे आपल्या गाण्यांचेही जपले पाहिजे. जिंकलेल्या लढ्यांचा इतिहास कोणीही लिहून ठेवतो. हरलेल्या लढ्यांचा इतिहास पुष्कळदा गाण्यांतच उरतो.