सही करण्यापूर्वी : मोटारगाडी घेताना घ्यावयाची काळजी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाडी कशी घ्यावी हा काय मेळाव्यात बोलण्याचा विषय आहे, असे काही मंडळींना वाटले असेल. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु आपल्या वसाहतीतून संध्याकाळी एक फेरी मारून पाहावी. एके काळी जिथे चार सायकली उभ्या असत, तिथे आज गाडी लावण्यावरून शब्दाला शब्द लागतो. कोणी वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेता यावे म्हणून गाडी घेतो, कोणी टॅक्सी चालवून संसार उभा करण्यासाठी घेतो. ही प्रगतीच आहे आणि तिचा आम्हाला आनंद आहे. मात्र घरानंतर माणूस सर्वांत मोठी रक्कम मोजतो ती गाडीसाठी, आणि सर्वांत घाईने सह्या करतो त्याही गाडीच्याच कागदांवर. म्हणून आज चार अनुभवाच्या गोष्टी सांगणार आहोत.

आधी आमचीच चूक सांगतो. २०११ साली आम्ही आमची जुनी व्हॅन ओळखीतल्या एका गृहस्थांना विकली. पैसे रोख व पूर्ण मिळाले. आम्ही किल्ली दिली, आर.सी. बुक दिले, आणि फॉर्म २९ व फॉर्म ३० यांवर कोऱ्याच सह्या करून दिल्या. "काका, नावावर मी करून घेतो, तुम्ही कशाला हेलपाटे घालता," असे ते म्हणाले. आम्हाला ते बरेच वाटले. चौदा महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे समन्स दारात आले. त्या व्हॅनची धडक बसून रस्त्याने चालणाऱ्या एका मजुराचा पाय मोडला होता. आर.टी.ओ.च्या दप्तरी गाडी अजून आमच्याच नावावर होती. सुदैवाने विमा चालू होता, म्हणून भरपाई विमा कंपनीने दिली. विमा संपलेला असता, तर निवृत्तीची पुंजी त्यात गेली असती. अडीच वर्षे आम्ही तारखांना उभे राहिलो. पण त्याहून मनाला लागली ती दुसरी गोष्ट. मालक कोण, या वादात त्या मजुराच्या हातात पैसे पडायला उशीर झाला, आणि त्या उशिरात आमच्या आळसाचाही वाटा होता.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे गाडी विकणाऱ्याने त्याच राज्यात चौदा दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नाव बदलून घ्यायचे असते. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी पुढे किती हात बदलून गेली याने त्याची जबाबदारी टळत नाही. तेव्हा विकणाऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, आणि नाव बदलल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे समजू नये.

आता जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. जुनी गाडी घेणे यात कमीपणा काही नाही; उलट हिशेबाने ते शहाणपणाचे ठरते. विमा उतरवताना गाडीचे मूल्य धरण्याचा जो रूढ तक्ता आहे, त्यात एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरतात. म्हणजे गाडीची निम्मी किंमत पहिला मालक पाच वर्षांत सोसून मोकळा होतो. परंतु स्वस्त मिळते म्हणून डोळे झाकून घेऊ नये. आम्ही क्रम सांगतो, तो ध्यानात ठेवावा : आधी कागद, मग मिस्त्री, मग पैसे.

कागदांत पहिले म्हणजे आर.सी. त्यावरील चासी नंबर व इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी ताडून पाहावा. दुसरे, आर.सी.वर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, ते पाहावे. "कर्ज कधीच फिटले" या तोंडी शब्दाला किंमत नाही. कर्ज फिटले असेल तर देणाऱ्या संस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा, तो आर.टी.ओ.त दिल्यावरच बोजा उतरतो. बोजा तसाच राहिला आणि हप्ते थकलेले निघाले, तर पैसे तुमचे आणि गाडी दुसऱ्याची, असा प्रकार होतो. तिसरे, गाडी दुसऱ्या आर.टी.ओ.च्या हद्दीतली किंवा दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ चा दाखला लागेल का, याची चौकशी करावी. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर इथला रस्ता कर भरावा लागतो, तोही किमतीत धरावा. चौथे, दंडाची ई-चलने बाकी आहेत का, हे पाहावे. आता परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर व मोबाईल ॲपवर गाडीचा नंबर टाकला की यातील बरीच माहिती मिळते. घरातल्या विद्यार्थ्याने हे काम पाच मिनिटांत करून द्यावे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च विसरू नये. विम्याचेही तसेच. गाडीबरोबर तिऱ्हाइताचा विमा नव्या मालकाकडे आला असे कायदा धरतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. म्हणून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा. विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की नो-क्लेम बोनस हा गाडीचा नसून माणसाचा असतो. तो ५० टक्क्यांपर्यंत वाढतो आणि आपल्या नव्या गाडीला लावून घेता येतो.

मग मिस्त्री. आपल्या विश्वासातला मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. निळसर धूर निघाला तर ऑइल जळते आहे असे समजावे. टायरवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, म्हणून सर्व्हिसच्या पावत्यांवरील आकडे पाहावेत. २००५ सालच्या मुंबईच्या पुरात, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे आपण पाहिले आहे. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. तेव्हा सीटखालचा गालिचा उचलून वास घ्यावा, सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आणि कोपऱ्यांत गाळ आहे का, ते पाहावे.

नवीन गाडी घेणाऱ्यांनी शोरूमच्या किमतीवर जाऊ नये, ऑन-रोड किंमत लेखी मागावी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर ११ टक्के आणि डिझेल गाडीला १३ टक्के आहे. शिवाय १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा तिऱ्हाइताचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन मात्र नाही. बाहेर दोन ठिकाणी विचारून मगच ठरवावे. "हँडलिंग चार्ज" म्हणून काही लावले असेल तर ते कशाबद्दल, असे विचारावे. विचारण्यात लाज कसली? पैसे आपले आहेत.

आता कर्ज. इथे आमच्या तरुणांचे सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून आकड्यांनीच सांगतो. समजा, चार लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले आणि दोन्हीकडे "व्याज १० टक्के" असेच सांगितले. पहिल्या ठिकाणी तो घटत्या शिलकीवरचा दर आहे. तिथे हप्ता सुमारे ८,५०० रुपये येतो आणि पाच वर्षांत व्याज सुमारे १,१०,००० रुपये जाते. दुसऱ्या ठिकाणी तो फ्लॅट दर आहे. म्हणजे मुद्दल फिटत आले तरी व्याज पूर्ण चार लाखांवरच. तिथे हप्ता १०,००० आणि व्याज २,००,०००. शब्द तेच, आकडा तोच, फरक नव्वद हजारांचा! त्या फ्लॅट दहा टक्क्यांचा खरा दर सतरा टक्क्यांच्या पुढे जातो.

दुसरा मोह मुदतीचा. तेच चार लाख, घटत्या शिलकीवरच्या त्याच दराने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६,६४० रुपयांवर येतो आणि माणूस खूश होतो. पण व्याज १,५८,००० रुपयांच्या घरात जाते, म्हणजे पाच वर्षांपेक्षा अठ्ठेचाळीस हजार जास्त. आणि सातव्या वर्षी हप्ता भरताना गाडी मात्र जुनी झालेली असते. म्हणून हप्ता किती, एवढेच विचारू नये. एकूण किती फेडायचे, हे विचारावे.

यासाठी आता आपल्या हाती एक साधन आले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व फायनान्स कंपन्यांनी अशा नव्या कर्जाबरोबर मुख्य तथ्यांचे विवरणपत्र दिले पाहिजे. इंग्रजीत त्याला के.एफ.एस. म्हणतात. त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावयाचे असते. ते मागून घ्यावे, घरी आणावे, मुलांना वाचायला लावावे. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड किती, तेही त्यात पाहावे. हप्ता थकलाच तर लपून बसू नये, लेखी मुदत मागावी. कर्ज वसुलीसाठी गुंड पाठवून गाडी उचलणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावले आहे. असा प्रकार घडल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

अलीकडे भाडेपट्ट्यावर, म्हणजे लीजवर गाडी मिळते. डाउन पेमेंट कमी, विमा-देखभाल बहुधा त्यांची, महिन्याला ठरलेले भाडे. बदलीची नोकरी असलेल्याला ते सोयीचे ठरू शकते. परंतु भाड्यावर जी.एस.टी. लागतो, किलोमीटरला मर्यादा असू शकते, करार मध्येच मोडल्यास दंड बसतो, आणि सर्व भाडे भरूनही शेवटी गाडी आपली होत नाही. टॅक्सी चालवण्यासाठी रोजच्या भाड्याने गाडी घेणाऱ्या तरुणांनी तर आजारी पडल्यास, गाडी दुरुस्तीत असल्यास त्या दिवसाचे भाडे कोणी सोसायचे, हे करारात शोधावे. स्वतःची गाडी टॅक्सी म्हणून चालवायची असेल तर पिवळ्या पाटीची नोंदणी, परवाना व त्या प्रकारचा विमा हवा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे भरले आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकतो.

धंद्यासाठी वाहन घेणाऱ्या आपल्या तरुणांनी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी जरूर करावी. १९७८ साली स्थापन झालेले हे महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्ध अर्जदारांसाठी बँक कर्जाला जोडून बीजभांडवलासारख्या योजना राबवीत आले आहे. अटी कार्यालयातूनच समजून घ्याव्यात. "काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नये.

आणि एक नाजूक गोष्ट. भावकीतला, शेजारातला कोणी जामिनाला सही मागायला येतो. नाही म्हणणे जड जाते. पण जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. त्याने न भरलेले कर्ज भरण्याची कबुली आपण देत असतो. भरण्याची ताकद आणि तयारी असेल तरच सही करावी. नसेल, तर त्याच्याबरोबर बसून के.एफ.एस. वाचावे. ती मदत सहीपेक्षा मोठी ठरेल.

मित्रहो, आमचे आजोबा सावकाराच्या वहीवर अंगठा उठवीत. त्या पानावर काय लिहिले आहे, हे त्यांना कधी कळले नाही. त्यांचा दोष नव्हता. त्यांना शिकूच दिले नव्हते. वडिलांनी उपाशी राहून आम्हाला शिकवले, ते पुढच्या पिढीने सही करावी म्हणून. आणि आम्ही काय केले? कोऱ्या फॉर्मवर सही केली. न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत शाईखेरीज फरक तो काय?

तेव्हा गाडी जरूर घ्या. आईवडिलांना पुढच्या सीटवर बसवून गावी न्या. पण कागद समोर आला की खुर्ची ओढून बसा, चष्मा लावा, सावकाश वाचा, न समजलेले विचारा, आणि मगच पेन हातात घ्या. समोरचा माणूस घाई करीत असेल तर उद्या येतो म्हणून सांगा.