बनफशा आणि त्याचा गावाकडचा भाऊबंद

खोकला धरला की काष्ठौषधीच्या दुकानातून काढ्याची पुडी येते. ज्येष्ठमध चटकन ओळखू येतं. पण तळाशी जांभळट, सुकून चुरा झालेली फुलं असतात, तो बनफशा. काश्मीर, हिमाचलच्या थंड उतारांवर वसंतात हाताने वेचलेला. युनानी हकिमांच्या जोशांद्यात, म्हणजे काढ्यात, तो उन्नाब या बोरासारख्या फळाच्या आणि आपल्या भोकराच्या सोबतीला असतो.

ताज्या फुलाचा वास मोठा लबाड. एकदा येतो आणि लगेच नाहीसा होतो. फुलातलं आयोनोन हे द्रव्य नाकाची जाणीवच क्षणभर बोथट करतं. फुलांचा निळा अर्कही गमतीचा: लिंबू पिळलं की लाल, चुन्याच्या निवळीत हिरवा. रॉबर्ट बॉयल या शास्त्रज्ञाने 1664 मध्ये आम्ल आणि अल्क ओळखण्याची ही युक्ती लिहून ठेवली. मुळांनी मात्र उलटी होते, तेव्हा पुडीत मुळ्या दिसल्या तर दुकानदाराला जरूर विचारा.

आता आपल्याकडचं. लक्ष्मणासाठी मारुतीने द्रोणागिरी नेताना त्याचा तुकडा पडला आणि वणीचा सप्तशृंगगड झाला, असं आपल्या भागात सांगतात. वनस्पतींसाठी एवढा मान दुसऱ्या डोंगराला क्वचितच मिळाला असेल! बनफशा काही इथे उगवत नाही. त्याच्या कुळातला रतनपुरुष मात्र महाराष्ट्रात पावसाळ्यात माळावर, बांधाच्या गवतात उगवतो. वीतभर रोप, अरुंद दातेरी पानं. फुलाची एकच पाकळी पसरट, गुलाबी-जांभळी. बाकीच्या चार इतक्या बारीक, की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. फळ पिकलं की तीन शकलं होऊन बी उडतं. वैदू याचं पंचांग अशक्तपणावर आणि मूळ लघवीच्या तक्रारींवर देतात. ताकदीचं औषध म्हणून याचा बोलबाला जरा जास्तच झाला आहे, असं माझं मत. रोगाची परीक्षा न करता ते कुणी घेऊ नये.

बनफशाचं फूल खुडलं तरी झाड राहतं. रतनपुरुषाचं तसं नाही. पंचांग म्हणजे मुळासकट सगळंच आलं, आणि फळ उकलायच्या आत उपटलं तर पुढच्या पावसाला त्या जागी तो पुन्हा उगवणं कठीण. म्हणून गडावर दर्शनाला याल तेव्हा रतनपुरुष दिसला, तर वाकून जरूर पाहा, फोटो काढा. उपटू मात्र नका.