दोन जाळी आणि एक कामगार

परवा आमच्या युनियनच्या कचेरीत एक कारकून लॅपटॉप घेऊन आला. हापिसात चालणारे इंटरनेट घरी चालेना. लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जाई. पण हापिसाने त्यात आयपी पत्ता हाताने घालून दिला होता, आणि घरच्या राउटरला तो परका. विंडोजमध्ये ज्या त्या वायफायपुरती निवड वेगळी ठेवता येते. हापिसासाठी तो ठरीव पत्ता ठेवला, घरासाठी 'ऑटोमॅटिक' निवडले. दहा मिनिटांत काम झाले.

तो म्हणाला, "बरे झाले, दादा! आता रात्रीही काम उरकता येईल." मी गप्प झालो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणीकामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. भोंगा झाला की माग गिरणीतच राही. कोणी तो खांद्यावर घेऊन घरी जात नसे. लॅपटॉप मात्र घरी येतो.

घर कोणते नि हापीस कोणते, हे लॅपटॉपला दहा मिनिटांत शिकवता आले. मालकाला शिकवायला संघटनाच लागेल. तोवर घरी हापिसाचे काम किती वेळ चालते, याची रोज नोंद ठेवा. मागणी मांडताना तीच कामास येईल.