जीव कुणी फुंकला नाही

(बेगडेवाडी इथल्या युवक अभ्यास शिबिरातलं भाषण)



विषय ऐकून काही पोरं म्हणाली, नोकरी नाही, राहायला जागा नाही, आणि हे रसायनशास्त्र कशाला? आधी त्याचंच उत्तर देतो. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं ते दंडुक्याच्या जोरावर. पण त्या दंडुक्याला टेकू होता उत्पत्तीच्या एका गोष्टीचा. पुरुषसूक्त म्हणतं, तोंडातून ब्राह्मण, पायातून शूद्र. आपण तर त्या पायाच्या नखातसुद्धा नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ काढला, त्याची सुरुवातच या सूक्ताच्या चिरफाडीनं केली. कारण जन्माची गोष्ट ज्याच्या हातात, जन्मभराचा हिशेबही त्याच्याच हातात. तेव्हा जीव मुळात आला कुठून, हा प्रश्न भटाकडे ठेवायचा नाही. तो आपला आहे.

महाडपासून सुरू करू. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. मागाहून सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेली १०८ मडकी तळ्यात ओतली.

आता त्याच्या ९९ वर्षं आधी, १८२८ साली जा. जर्मनीत फ्रीडरिश वोलर नावाचा रसायनतज्ज्ञ होता. त्या काळी युरोपातही समजूत अशी, की सजीवांच्या अंगातले पदार्थ प्रयोगशाळेत बनूच शकत नाहीत. त्यांना म्हणे खास ‘जीवनशक्ती’ लागते. वोलरनं निर्जीव क्षार घेतले आणि युरिया बनवला. युरिया म्हणजे मुतातला मुख्य पदार्थ. गाय नाही, मूत्रपिंड नाही, मंत्र नाही. जीवनशक्तीच्या भिंतीला पहिला मोठा तडा गेला तो इथं. आज तोच युरिया कारखान्यात बनतो आणि गोणीतून मावळातल्या भातखाचरात पडतो. गोणीतला युरिया, गायीच्या मुतातला युरिया, तुमच्या-माझ्या मुतातला युरिया, तिन्हींचा रेणू एकच. म्हणजे शुद्धी काही रेणूत नसते. ती मडकं ओतणाऱ्याच्या डोक्यात असते.

पण युरिया म्हणजे जीव नव्हे. पुढे चला.

१९२४ साली रशियात ओपारिननं आणि १९२९ साली इंग्लंडात हाल्डेननं स्वतंत्रपणे मांडलं, की प्राचीन पृथ्वीवर रसायनांच्या पाण्यातूनच हळूहळू जीव घडला असावा. हा हाल्डेन १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला, आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. १९५३ साली शिकागोत स्टॅनली मिलर या तरुण विद्यार्थ्यानं, गुरू हॅरॉल्ड युरी यांच्या हाताखाली, काचेच्या चंबूत पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन कोंडले. आत विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवड्याभरात पाणी रंगलं, आणि त्यात अमिनो आम्लं सापडली. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. पुढं भूशास्त्रज्ञ म्हणाले, त्या काळची हवा बहुधा अशी नव्हती. ठीक. पण विटा फक्त चंबूतच बनत नाहीत. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती २०२३ साली यानानं पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५ मध्ये निकाल आला: सजीवांची प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात, त्यांतली १४ त्या मातीत आहेत. शिवाय डीएनए आणि आरएनएची अक्षरं म्हणावीत असे पाचही घटक आहेत. जिथं जीव कधी नव्हता तिथं जिवाच्या विटा पडलेल्या आहेत.

विटांचा ढीग म्हणजे घर नव्हे, हेही खरं. घराला तीन गोष्टी लागतात.

पहिली, कूस. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे धावतं, दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू पाण्यात पुरेसे जमले की आपोआप गोल पिशव्या होतात. कुणी शिवत नाही. इथून लोकलनं पुण्याला जा. पाषाणला आयसर आहे. तिथं सुधा राजामणी यांच्या प्रयोगशाळेत हेच काम चालतं: आदिम पिशव्या कशा बनतात, कशा टिकतात. ओलं-सुकं, ओलं-सुकं असं चक्र फिरलं की रेणूंच्या साखळ्या कशा जुळतात, हेही तिथं तपासतात. साखळीतला एकेक दुवा जुळताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो, म्हणून भरल्या पाण्यात जुळणी अवघड. पण खळगा सुकला की दुवे जुळायला वाव मिळतो, आणि पाऊस आला की सारं पुन्हा मिसळतं.

दुसरी गोष्ट, देवघेव. बाहेरून अन्न आणि ऊर्जा आत घेणं, राख बाहेर टाकणं.

तिसरी, नक्कल, तीही अधूनमधून चुकणारी. इथं शास्त्रज्ञ बरीच वर्षं अडले. डीएनएची नक्कल करायला प्रथिनं लागतात, आणि प्रथिनं बनवायला डीएनए. आधी कोण? १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं, की आरएनए निरोपही सांभाळतो आणि कामही करतो. १९८९ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या गाभ्यातही काम करतो तो आरएनएच. जुन्या मालकाचे हात अजून यंत्रावर आहेत.

मग जिवंत कशाला म्हणायचं? आग खाते, वाढते, पसरते. पण तिच्यात वारसा नाही. खेचराला पोर होत नाही, म्हणून ते मेलेलं आहे का? बी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. नासाच्या मंडळींनी १९९४ साली कामापुरती व्याख्या केली: स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या अर्थानं उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. ‘व्यवस्था’ हा शब्द नीट पकडा. एकटं खेचर या व्याख्येत बसत नाही, कारण उत्क्रांत होतो तो समूह. जीव ही कुणी आत घातलेली वस्तू नाही. ती चालू असलेली क्रिया आहे.

भट म्हणेल, तुम्ही अजून प्रयोगशाळेत निव्वळ रसायनांपासून अख्खी जिवंत पेशी कुठं घडवलीत? नाही घडवली. पण निसर्गाला किती वेळ मिळाला ते बघा. शेजारच्या घोराडेश्वरच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तो काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो वाहत होता तेव्हा पृथ्वीवरचा जीव आधीच ३४० कोटी वर्षांहून जुना होता. एवढ्या काळाचं काम शंभर वर्षांत उलगडलं नाही, म्हणून ते देवाच्या नावावर चढवायचं? सातबारा असा बदलत नसतो.

आणि आता त्या कुशीकडे पुन्हा या. पेशीची कूस म्हणजे तटबंदी नव्हे. तिच्यातून आत-बाहेर चालू असतं म्हणून पेशी जगते. पूर्ण बंद झाली की मेली. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये समाजासाठी ‘एन्डॉस्मॉसिस’ हा शब्द वापरला, तो याच पडद्यातून झिरपण्याचा. १९१६ सालीच त्यांनी जातीला बंदिस्त वर्ग म्हटलं होतं. झिरपणं बंद केलेला समाज जिवंत कसा म्हणायचा?

एक इशारा देतो. रसायनशास्त्र आपल्याला समतेची सनद देणार नाही. रेणूला न्याय कळत नाही. समता आपल्यालाच भांडून मिळवावी लागेल. पण विषमतेच्या बाजूनं जो खोटा साक्षीदार हजारो वर्षं उभा केला होता, त्याला हे शास्त्र पिंजऱ्यातून खाली खेचतं. इंद्रायणी तांदूळ, ओढ्यातला खेकडा, शंकराचार्य आणि तुम्ही, सगळ्यांची प्रथिनं त्याच वीस विटांची. सगळ्यांचा पूर्वज एक. त्याला ना तोंड होतं, ना पाय.

जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. मनुस्मृती जाळली तीही २५ डिसेंबरलाच, १९२७ साली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी लिहिलं, की माणूस मेल्यावर त्याची मूलद्रव्यं निसर्गातल्या तशाच द्रव्यांत मिसळतात, आत्मा कुठं जात नाही. आत्मा नाही, तर गेल्या जन्मीचं पाप कुणाच्या खात्यावर? तेव्हा वस्तीत कुणी म्हणालं, ‘आपला जन्मच असा,’ तर त्याला युरियाची गोष्ट सांगा. न चुकता सांगा.

आता प्रश्न विचारा. जय भीम!