नाण्यावरचं गाव



नाणी-अभ्यासकांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद दिलंत, आभार. हार पोचला, नारळ पोचला, शाल घडीतच राहू दे; या उकाड्यात आपल्या भिवंडीच्या वऱ्हाळ तलावावरचा वारासुद्धा घाम पुसत येतो. स्वागताच्या भाषणात माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं, त्यावर निम्मा बट्टा कापून घ्या. या खुर्चीत माझ्याआधी बसून गेलेल्यांना नमस्कार. झालं.

पत्रिकेत माझा विषय ‘अफगाण शहरं आणि संस्थानं : नाण्यांच्या सूचीकार्याचा आढावा’ असा छापलाय. अकरा पानं लिहून आणली आहेत, ती चिटणिसांकडे देतो. त्यातला गाभा एवढाच. 1885 मध्ये रॉजर्सनं अहमदशाह अब्दालीच्या नाण्यांवर लिहिलं. 1888 मध्ये लाँगवर्थ डेम्सनं दुर्राणी, म्हणजे अब्दालीच्याच घराण्याच्या, नाण्यांची मांडणी केली. 1911 मध्ये व्हॅलेंटाइननं मुसलमानी मुलखांतल्या तांब्याच्या नाण्यांचं पुस्तक काढलं, आणि 1934 मध्ये व्हाइटहेडनं लाहोरच्या संग्रहालयातल्या नादिरशाही आणि दुर्राणी नाण्यांची सूची दिली. त्यांच्या खांद्यावर आपण बसलो आहोत, हे मान्य. आता खांद्यावरून उतरून थोडं बोलतो. बावीस वर्षं थांबलोय.

सूचीची आपली रीत काय? आधी राजा, मग राजाखाली टांकसाळ, मग साल. अहमदशाह 1747 ते 1772, तैमूरशाह 1793 पर्यंत, मग शाह जमान, मग भावाभावांची भांडणं. सोन्याचांदीला ही रीत कशीबशी चालते. तांब्याला चालत नाही. कंदाहार, काबूल, हेरात इथल्या तांब्याच्या पैशांवर पुष्कळदा राजाचं नावच नसतं. एका बाजूला चित्र: सिंह, मोर, फूल, तलवार. दुसऱ्या बाजूला ‘ज़र्ब’, म्हणजे ‘इथं पाडलं’, मग गावाचं नाव आणि जमलं तर साल. राजाच नाही म्हटल्यावर सूचीकार काय करतो? शेवटच्या पानावर ‘अनामिक, किरकोळ’ असा एक कप्पा करतो आणि सगळा बाजार त्यात ओततो. ज्या नाण्यानं भाजी घेतली जायची ते किरकोळ, आणि जे मोहरबंद थैलीत पडून राहायचं ते मुख्य!

काल एका अभ्यासकमित्रानं निबंधात म्हटलं, की या पैशांना ‘शहराचं नाणं’ म्हणणं चूक आहे. टांकसाळीचं उत्पन्न सुभेदाराच्या खिशात जायचं, शहराचा संबंध काय? मित्रा, भिवंडीत जकात होती तेव्हा नाक्याचा मक्ता एकाकडे, वसुलीची माणसं दुसऱ्याची, आणि पैसा कुठं जायचा ते देवाला ठाऊक. पण माझ्या हातातल्या पावतीवर नाव भिवंडीचंच असायचं, आणि ती पावती ठाण्याच्या नाक्यावर चालायची नाही. शहराचं नाणं म्हणजे तेच. इराणी शहरांची तर रीत अशी होती, की पैशावरचं चित्र बदललं की जुन्या पैशाची किंमत उतरायची, आणि वेशीबाहेर त्याला फारसं कुणी विचारायचं नाही. वेशीपुरतं चालणारं नाणं वेशीचं नाही, तर कुणाचं?

आपल्याकडेही टांकसाळी मक्त्यानंच दिलेल्या असत. न्यायमूर्ती रानड्यांनी 1899 मध्ये मराठेशाहीतल्या चलनांवर आणि टांकसाळींवर निबंध वाचला. तो उघडून बघा, गावोगाव टांकसाळी. वडील इथल्या एका सराफाकडे दिवाणजी होते. पेढीच्या माळ्यावर मोडी चोपड्या होत्या, वाळवीनं कडेकडेनं खाल्लेल्या. त्यात रुपयांची नावं कशी होती? चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही, सुरती. प्रत्येकापुढं बट्टा. ‘शाह आलम’ हे नाव मला त्या चोपड्यांत एकदाही दिसलं नाही, आणि यातल्या बहुतेक रुपयांवर फारसीत छापलेलं असतं शाह आलमचंच नाव! तो 1806 मध्ये वारला, तरी त्याच्या नावाचे रुपये पडतच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीनंसुद्धा 1835 पर्यंत त्याच्याच एकोणिसाव्या राज्यवर्षाचा मुर्शिदाबादी रुपया पाडला. सराफाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो राजाकडे बघायचा नाही. अंकुश आहे का, परशू आहे का, जंजिऱ्याच्या सिद्दीचा नागरी ‘ज’ आहे का, एवढं बघायचा, फरशीवर वाजवायचा आणि दर सांगायचा. माहेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं 1989 चं पुस्तक अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेनं काढलं. ते आपल्या हाती रोज लागतं, कारण त्यांनी नाव घेतलंय टांकसाळींचं.

आणि दिल्ली? 1760 च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून गाळलं, नऊ लाखांच्या आसपास रुपये पडले असं सांगतात. गादीवर तेव्हा तिसरा शाहजहान होता. 10 ऑक्टोबरला भाऊंनी त्याला उतरवून शाह आलमच्या नावाची द्वाही फिरवली. त्याच दिल्लीच्या, म्हणजे शाहजहानाबादच्या, टांकसाळीचे हिजरी 1173 आणि 1174 चे अहमदशाह दुर्राणीचे रुपये आहेत. म्हणजे पानिपतच्या आगेमागे एका गावच्या टांकसाळीत तीन नावांचे ठसे. तुमच्या सूचीत ते तीन खंडांत, तीन कपाटांत. एका ट्रेमध्ये शेजारीशेजारी ठेवा, मग त्या वर्षीची दिल्ली दिसेल. अटकेपार झेंडे लावल्याचं आपण लहानपणापासून ऐकतो. अटकेला दुर्राणींची टांकसाळ होती. तिथलं नाणं समोर ठेवलं तर या सभागृहातले किती जण ओळखतील? हात वर करू नका, मीही करणार नाही.

कारण माझी स्वतःची फजिती सांगायची आहे. तरुणपणी मी निजामपुऱ्यातल्या एका भंगारवाल्याकडे रोज संध्याकाळी बसायचो. त्याच्या तराजूच्या ताटलीत एकदा एक जाड, वेडंवाकडं तांबं आलं. एका बाजूला सिंहासारखं काही, दुसऱ्या बाजूला फारसी. दोन महिने खपून मी अक्षरं लावली: ‘अहमदशाही’. साल कडेला तुटलेलं, फक्त बाराशेचं शतक कळत होतं. आता आमचा कान मल्हारशाहीवर पोसलेला. मी धरून चाललो, की अहमदशाही हे चलनाचं नाव. कुठल्या गावचं ते कळत नाही, म्हणून वहीत लिहिलं ‘गाव अज्ञात’. अकरा वर्षं ते तसंच. मग शेजारचे एक मोमीन चाचा, मागावर आयुष्य घातलेले, चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “बेटा, ज़र्ब के बाद शहर आता है.” अहमदशाहनं कंदाहारला नवं शहर वसवलं, त्याचं नाव अहमदशाही! नाण्यावर गाव ठळक होतं, माझ्या डोक्यात राजा होता. त्याच चाचांनी मला आकडे शिकवले: शून्य म्हणजे टिंब, पाच म्हणजे उलटं पिंपळपान. फारसीच्या वर्गाची फी म्हणून मी त्यांचं रेशनकार्ड बदलून आणलं.

नाव बदलणं ही शहरांची जुनी खोड आहे. औरंगजेबाच्या काळात मथुरेचं इस्लामाबाद झालं, 1666 मध्ये चितगावचं झालं, आणि आपल्या या कल्याण-भिवंडीकडेही ते नाव येऊन गेलंय. नुसतं ‘इस्लामाबाद’ वाचून नाणं कप्प्यात टाकणाऱ्यांनी सावध राहावं. तिकडे पुढं कंदाहार हे नाव परत आलं. राजावर मांडलेल्या सूचीत हे एकच गाव दोन ठिकाणी, एकमेकांना न ओळखता बसतं.

नाणी धुवावीत की नाही, यावर सकाळी तासभर वाद झाला. मी माझी पहिली शिवराई, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाचा तांब्याचा पैसा, चिंचेच्या पाण्यात उकळली. लख्ख झाली. ‘श्री राजा शिव’ मधला ‘शिव’ गेला. वाद संपला.

आता मूळ दुखणं. बावीस वर्षांपूर्वी तीन बत्तीच्या मागं एक जुनं घर पाडताना जोत्यात पितळेचा लोटा निघाला. घरमालक ओळखीचा. मला बोलावलं. आम्ही वर्तमानपत्र अंथरून मोजलं: एकतीस नाणी. बावीस शिवराया, त्यातल्या बऱ्याच दुदांडी, दोन रेघांच्या. आठ कंपनीचे तराजूछाप पैसे, सगळ्यात उशिराचा 1833 चा. आणि एक कंदाहारचं, भंगारात मिळालेल्या माझ्या त्या नाण्याचा सख्खा भाऊ, ‘अहमदशाही’ पुरतं वाचता येणारं. मंडळी, काय होतं ते! 1833 नंतर कधीतरी भिवंडीतल्या कुणीतरी बाईनं किंवा दुकानदारानं घरचं तांबं पुरलं, तेव्हा कंदाहारचा पैसा शिवराईच्या वजनाशेजारी नांदत होता. घोडेवाल्यानं आणला, पठाण सावकारानं आणला, की मुंबई बंदरातून आला, मला सांगता येणार नाही. पण तो लोटा भिवंडीच्या बाजाराची चोपडी होता.

1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं निखातधन कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! आज त्यात काय येतं, पण कायदा आहे. मी मालकाची समजूत काढली, अर्ज लिहून दिला, प्रत्येक नाण्याला चिठ्ठी लावली: लोट्यात वर की तळाशी, कशाला चिकटलेलं. लोटा गेला. वर्षभरानं एका संग्रहालयात, नाव घेत नाही, मी चौकशीला गेलो. शिवराया मराठ्यांच्या कपाटात. पैसे कंपनीच्या कपाटात. कंदाहार ‘अफगाण, अनामिक, किरकोळ’ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर. लोटा ‘धातूची भांडी’ या विभागात. आणि चिठ्ठ्या? नोंदवहीवरच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, “कागद होते काही, त्यांना गोंद लागलेला होता, काढून टाकले.” ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी आपल्याच पुस्तकांप्रमाणे काम केलं होतं. त्यांच्या छापील फॉर्मवर रकाने होते: वंश, राजा, धातू, वजन, स्थिती. ‘कुठं सापडलं’ हा रकाना नव्हता. घरमालक तेव्हापासून मला रस्त्यात ओळख देत नाही, आणि त्याचंही चुकत नाही.

या भिवंडीत नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, “कुठला?” आझमगढचा की तेलंगणाचा, कोकणातला की घाटावरचा. कुणी विचारत नाही तुझा राजा कोण. मग नाण्यालाच का विचारायचं? माझं म्हणणं इतकंच, की सूचीत पहिलं गाव ते जिथं पडलं, दुसरं गाव ते जिथं सापडलं, आणि राजा असेल तर तिसऱ्या ओळीत, नसेल तर ओळ रिकामी. ‘अनामिक’ हा शब्दच काढा. ज्याच्यावर कंदाहार लिहिलंय ते अनामिक कसं?

यावर आक्षेप येईल, की हातानं ठोकलेल्या नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळं गावाचं नाव बहुधा कडेबाहेर जातं. राजाचं नाव निदान अर्धं सापडतं. बरोबर आहे. म्हणून तर खुणा, फुलं, टिंबं आणि अक्षरांची ढब जमवायला हवी, आणि ते काम एकट्यादुकट्याचं नाही. 1890 च्या सुमारास अमीर अब्दुर रहमाननं काबुलात यंत्रं बसवली आणि शहरांचे हे ठसे हळूहळू बंद पडले. आपल्याकडे 1835 च्या एकछापी रुपयानं तेच केलं. त्याआधीचं जे उरलंय ते मोजकंच आहे, आणि रोज वितळतंय. आपण गावनिहाय कार्डं करायची, एवढं आज ठरवू. कार्डाचा नमुना मी करून आणणार होतो, राहिलं. तांब्यापासून सुरुवात करावी की कसं, कोण लिहील, कुठं ठेवायची, ते चहाच्या वेळी बसून बघू. निधीचं चिटणीस बोलतील.

जाता जाता, हा कागद. लोटा द्यायच्या आदल्या रात्री मी त्या कंदाहारच्या नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासली होती. कागद म्हणजे मागाच्या बीमची पावती आहे, पाठीमागं सुताचा हिशेब आहे, तो वाचू नका. सिंहाची शेपटी डावीकडं वर वळलेली दिसेल, आणि खाली ‘ज़र्ब’. पहिल्या रांगेपासून मागं फिरवा. बोट घासू नका, शिसं उडतं. आणि जेवायला उठायच्या आधी तो माझ्याकडे परत आला पाहिजे. मागच्या मेळाव्यात फिरवलेले दोन अजून आलेले नाहीत.