सुईला फक्त बेरीज कळते

विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा पाठ सुरू करताना बारावीच्या वर्गात मी पुस्तक उघडण्याआधी एक प्रश्न विचारतो. मुंबईत ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेला आपले चुंबक घेऊन अलिबागला का जावं लागलं? उत्तर मुलांच्याच पुस्तकात असतं, पण पुस्तकातलं सूत्र आणि कुलाब्याचा किनारा यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते.

कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. टांगलेला चुंबक केसभर वळला तरी तो टिपायचा, असं ते काम. आपल्याकडे या क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला आहे आणि शांत दिवशी त्यात दोन आकडी नॅनोटेस्लांचाच चढउतार होतो. सप्टेंबर १८५९च्या सौरवादळात मात्र हा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद कुलाब्यात झाली. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही ही नोंद काढून पाहतात.

आता ट्राम. तारेतून धारा वाहिली की जवळची चुंबकसूची वळते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं. ट्राम उभी असते तेव्हाही तारेत विद्युतदाब असतो, तारेभोवती विद्युत क्षेत्र असतं. पण सुई ढिम्म. ट्राम निघाली, धारा वाहू लागली, की सुई वळली! विद्युत क्षेत्र प्रभारामुळे असतं, मग तो थांबलेला का असेना. चुंबकीय क्षेत्रासाठी तो वाहता लागतो. प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच, आणि तो पाठ करण्याऐवजी मुलांनी डोळ्यांनी पाहावा असं मला फार वाटतं.

हिशेब करू. लांब, सरळ तारेत १०० अँपिअर धारा आहे आणि आपण एक किलोमीटर दूर आहोत. अशा तारेच्या चुंबकीय क्षेत्राच्या सूत्रात आकडे घाला: २० नॅनोटेस्ला. शांत दिवशीच्या चढउताराशी तुलना करण्याजोगा हा आकडा! खरं तर धारा वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. जाणारी आणि परतणारी धारा सारखी असेल, तर दूरवर दोघींचे परिणाम बरेचसे एकमेकांना खोडतात. पण रुळांतली काही धारा जमिनीत झिरपते आणि ओल्या मातीतून आपली वाट काढते. ती कुठून किती गेली, याचा हिशेब कोण मांडणार?

इथे अध्यारोपणाचं तत्त्व आडवं येतं. एका जागी दहा कारणांनी दहा क्षेत्रं आली, तरी तिथे उरते त्यांची सदिश बेरीज. सुईला तेवढीच कळते. सूर्यामुळे किती आणि ट्राममुळे किती, हे ती सांगू शकत नाही. म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी जागाच बदलली: सुमारे तीस किलोमीटर दूर अलिबाग, लोखंड टाळून उभारलेली इमारत, १९०४ पासून नोंदी. पण कुलाब्याचे चुंबक त्यांनी लगेच बंद केले नाहीत. दोन वर्षं दोन्हीकडे वाचनं घेतली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका सांधता येईल. विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शास्त्रीय निर्णय जागेचा नव्हता, त्या दोन वर्षांचा होता.

वर्गात एवढं सांगून झालं की मी होकायंत्र टेबलावर ठेवतो, त्यावरून एक सेंटिमीटर उंचीवर उत्तर-दक्षिण तार ताणतो आणि एक अँपिअर धारा सोडतो. तारेचं क्षेत्र २० मायक्रोटेस्ला, पृथ्वीचं आडवं ३८, दोन्ही काटकोनात. सुई साधारण २८ अंश वळते. गेल्या वर्षी एका मुलीने तो कोन मोजला, त्याच्या टॅन्जंटने तारेच्या क्षेत्राला भागलं, आणि आमच्या गावातलं पृथ्वीचं आडवं क्षेत्र तिच्या वहीत उतरलं. मग तिने तार काढली आणि सुई आपल्या जागी परत येताना पाहत तशीच उभी राहिली.