रिपोर्टमधला ‘कॅल्शिअम’

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांचा निरोप असा होता की, आपल्या बॅचच्या गुडघ्यांनी आता साठी गाठली आहे, तेव्हा हाडांवर दहा मिनिटं बोल. मी पांढरकवड्याला हाडांचे पेशंट पाहतो. हल्ली रिपोर्ट हाती पडला की लोक आधी तो मोबाइलवर वाचतात आणि मग माझ्याकडे येतात. त्यात कुठे ‘कॅल’ दिसलं की घरी ठरतं, कॅल्शिअम वाढलं, दूध बंद! म्हणून आज उपचारांपेक्षा शब्दांबद्दलच बोलतो.

पहिला शब्द ‘कॅल्केनियल स्पर’. कॅल्केनियस म्हणजे टाचेचं हाड. लॅटिनमध्ये ‘कॅल्क्स’ असे सारखे दिसणारे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ टाच, दुसऱ्याचा चुनखडी. टाचेवरून कॅल्केनियस आलं. चुनखडीवरून हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये नव्या धातूला कॅल्शिअम हे नाव दिलं. म्हणजे रिपोर्टमधला हा ‘कॅल’ फक्त जागा सांगतो. तिथे वाढलेलं टोक हाडाचंच असतं, पण ते वर्षानुवर्षांच्या ताणाने येतं, दुधाने नाही. दुखतो तो बहुधा तळपायाचा पट्टा. त्याला मऊ चप्पल, पोटरीचे व्यायाम आणि थोडं वजन कमी करणं हवं.

दुसरा शब्द ‘रीनल कॅल्क्युलस’. कॅल्क्युलस म्हणजे लहान खडा. आपल्या आज्यांनी ‘मुतखडा’ म्हटलं, तेही तेच. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून बारावीत आपल्याला रडवणाऱ्या गणितालाही तेच नाव पडलं. दातांवर साचणाऱ्या कीटणालाही डेंटिस्ट कॅल्क्युलसच म्हणतात. आता मुतखड्यातले बहुतेक खडे कॅल्शिअम ऑक्झलेटचे असतात हे खरं. पण जेवणातलं कॅल्शिअम आतड्यातच ऑक्झलेटला धरून बाहेर नेतं. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना पाच वर्षं दोन प्रकारचा आहार दिला गेला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. कॅल्शिअम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शिअम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या ६० जणांपैकी फक्त १२ जणांना झाला. तेव्हा दूध-दही सोडू नका. मीठ कमी करा, पाणी भरपूर प्या. गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

ही नावं मुळात घरातलीच आहेत. पटेला म्हणजे लहान ताटली. आपण गुडघ्याची वाटी म्हणतोच. आपला मणका मण्यावरून आला. शब्दाची भीती गेली की डॉक्टरला नीट प्रश्न विचारता येतो.

तिसरा शब्द ‘कॅल्सिफिकेशन’. इथे कॅल्शिअम खरंच आहे, पण नको त्या जागी. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शिअम हाडांत आणि दातांत असतं. ते अस्थिबंधांत साचू लागलं की पाठ लाकडासारखी होते. त्याची कारणं अनेक, पण आपल्या जिल्ह्यात एक कारण विसरून चालत नाही. झरी-जामणी आणि केळापूर तालुक्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. फ्लोराइड कॅल्शिअमला चिकटतं. लहानपणी दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात आणि पोरगं दात घासत नाही म्हणून बोलणी खातं. पुढे मान वळत नाही, पाठ वाकते, आणि लोक म्हणतात, वय झालं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. गोळ्यांनी वाकलेली पाठ सरळ होत नाही. पाणी बदलणं हाच खरा उपाय. जोडीला जेवणात दूध, तीळ, शेवग्याचा पाला असेल तर फ्लोराइड अंगात कमी शोषलं जातं.

आणि चुना! ‘चुना खा, हाडं मजबूत होतील’ असा निरोप आपल्याही ग्रुपवर फिरतो. त्या भरवशावर कोणी खर्र्याचं समर्थन करू नये. खर्र्यातला चुना तंबाखूतलं निकोटिन लवकर अंगात उतरवतो, आणि सुपारीने तोंड उघडेनासं होतं. त्यातून हाडांना काही मिळत नाही.

आपल्या बॅचमध्ये सरपंच आहेत, मुख्याध्यापक आहेत, ग्रामसेवक आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या गावच्या आणि शाळेच्या हातपंपाचं पाणी तपासायला पाठवा आणि अहवालातला फ्लोराइडचा आकडा स्वतः वाचा. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी बंद करायला लावा. धुण्या-भांड्याला चालेल. हा एक रिपोर्ट वाचायला डॉक्टर लागत नाही.

शब्दांचा अर्थ विचारायची सवय आपल्याला याच शाळेच्या बाकांवर लागली. ती सोडू नका, एवढंच सांगतो.